नट सैल करण्याआधी

आलापल्ली सोडून भामरागडच्या वाटेला लागलं की आधी साग भेटतो. उंच, सरळ, दाट. मग हळूहळू साग मागे पडतो आणि ऐन, बिबला, मोह, तेंदू असं सरमिसळ रान सुरू होतं. या रस्त्याच्या कडेला, चार बल्ल्यांवर पत्रे टाकून एका मिस्त्रींनी गॅरेज मांडलं आहे. मागे मोहाचं जुनं झाड, पुढे तेल पिऊन काळी झालेली जमीन, एका बल्लीला अडकवलेले पाने. थंडीच्या दिवसांत एका सकाळी तिथे एक जुनी जिप्सी उभी होती. तिचा पेट्रोल फिल्टर बदलायचा होता. काम तसं छोटं. दोन जोड खोलायचे, जुना फिल्टर काढायचा, नवा बसवायचा.

मिस्त्रींनी मात्र पान्याला हातच लावला नाही. गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. टाकीचं झाकण फिरवलं, आतली कोंडलेली वाफ फुस्स करून बाहेर पडली, आणि झाकण परत घट्ट बसवलं. मग पेट्रोलच्या पंपाचा रिले, काड्यापेटीपेक्षाही लहान तो काळा चौकोनी तुकडा, उपसून शर्टाच्या खिशात टाकला. आणि मग गाडी सुरू केली.

ज्या गाडीची नळी खोलायची तिलाच आधी सुरू करायचं, हे बघताना विचित्र वाटतं. इंजिन थोडा वेळ नेहमीसारखं चाललं. मग आवाज पातळ झाला, दोन-चार आचके आले, आणि बंद पडलं. मिस्त्रींनी पुन्हा दोन-तीनदा थोडा थोडा सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. हाताखालचा पोरगा वाकून बघत होता. "आता पाइपात जोर नाही राहिला," ते त्याला म्हणाले, "पण थेंब राहतेच. फडकं घे." मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटली, जोडाभोवती जाडं फडकं गुंडाळलं गेलं, खाली पत्र्याचा डबा सरकवला गेला, आणि तोंड बाजूला वळवून त्यांनी नट अगदी थोडा सैल केला. फडकं ओलं झालं. बस्, एवढंच. उडालं काही नाही.

तेव्हापासून हा क्रम माझ्या मनात घर करून आहे. मी शिक्षकी पेशातला माणूस. यंत्रांशी माझं नातं दुरून बघण्याचं. पण काही कामं अशी असतात की त्यांच्याकडे बघताना आपण बसल्या जागी काहीतरी शिकत जातो. जुनी इंजेक्शनची गाडी उघडण्यापूर्वी तिच्यातला दाब उतरवणं हे माझ्यासाठी तसं काम आहे.

जिप्सी या भागाची जुनी ओळखीची. मारुतीने ती 1985 च्या डिसेंबरात आणली. सुरुवातीच्या गाड्यांत एक लिटरपेक्षा किंचित लहान इंजिन होतं, आणि पेट्रोल पोचवायला कार्बोरेटर. कार्बोरेटरची तऱ्हा साधी: इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून वर येतं आणि हवेत मिसळतं. नळीतला दाब नावापुरता. नळी सुटली तर पेट्रोल टपटपतं, माणूस बोट लावतो, शिव्या देतो आणि काम पुढे चालू राहतं. 2000 साली देशभर गाड्यांच्या धुरावर नवे निकष आले आणि त्या सुमाराला जिप्सीच्या तेराशे सीसीच्या इंजिनाला एमपीएफआय लागलं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर, आणि कुठल्या क्षणी किती फवारायचं ते ठरवणारा विजेचा मेंदू. जगात ही रीत आधीच रुळली होती. जर्मनीतल्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत 1967 मध्येच फोक्सवॅगनच्या 1600 गाडीत बसली होती. आपल्याकडच्या रानात ती पोचायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

पण फवारा हवा असेल तर दाब हवा. टाकीत बुडवलेला विजेचा पंप पेट्रोलला अडीच ते तीन किलोच्या दाबाने पुढे ढकलत असतो. आपण टायरमध्ये हवा भरतो त्याहून जास्त. कार्बोरेटरवाल्या गाडीच्या दसपट. या दाबाबाबत मला सर्वांत मोठं नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं: चावी काढली, इंजिन थांबलं, पंप थांबला, तरी तो दाब जात नाही. पंपाच्या तोंडाशी एक लहानशी झडप असते, ती पेट्रोलला मागे टाकीत उतरू देत नाही. रहाटाने भरलेली बादली अर्ध्यावर आणून थांबवली, की वरचा माणूस स्वस्थ उभा दिसतो पण दोर ताणलेलाच असतो, तसं. गाडी सावलीत उभी आहे, बॉनेटवर चिमणी बसली आहे, चालक जेवायला गेला आहे, आणि आत नळीभर पेट्रोल तासन्तास दमून न जाता ताठ उभं आहे.

आणि हा दोष नाही. ही योजना आहे. गरम इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोल सैल पडलं तर त्याची वाफ होते, आणि वाफेवर गाडी सुरू होत नाही. दाब टिकून राहिला की पेट्रोल द्रवच राहतं आणि चावी फिरवताक्षणी इंजिन पेट घेतं. झडप झिजलेल्या गाडीला सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. मिस्त्री ते लांबून ऐकूनच सांगतात. म्हणजे ज्या दाबाची आपल्याला नट खोलताना धास्ती, त्याच दाबावर अडीनडीला गाडीचं चटकन उठणं अवलंबून.

भामरागडच्या बाजूला अडीनडी हा शब्द उगाच तोंडी येत नाही. हा गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्याही आधी, 1973 साली, बाबा आमटेंनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया लोकांमध्ये दवाखाना मांडून राहिले. त्या काळी पेशंट खाटेवर घालून, खाट बांबूला टांगून, खांद्यांवरून मैलोन्मैल आणत. आजही आतल्या पाड्यांवरून खाट निघते. फरक इतकाच की काही अंतर चालून गेल्यावर रस्ता लागतो आणि रस्त्यावर कुठली तरी गाडी उभी असते. बाळंतपणाची बाई असेल, सापाने डसलेला पोरगा असेल, मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया असेल. अशा वेळी चावी फिरवल्यावर गाडीने पेट घेणं ही साधी गोष्ट राहत नाही. म्हणून एका चोंदलेल्या फिल्टरसाठी कुणी अर्धी सकाळ घालवत असेल तर मला तो वेळ कधीच जास्त वाटला नाही.

फिल्टर चोंदतात मात्र इकडे लवकर. गावागावांत किराण्याच्या दुकानासमोर फळकुटावर बाटल्या मांडलेल्या दिसतात, लालसर-पिवळं पेट्रोल उन्हात चमकत असतं. डब्यातून बाटलीत, बाटलीतून नरसाळ्यात, नरसाळ्यातून टाकीत. प्रत्येक ठिकाणी थोडी धूळ, पावसाळ्यात थोडं पाणी. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि जुन्या गाड्यांच्या ज्या रबरी नळ्या त्याचा विचार न करता बनलेल्या, त्यांना ते मानवत नाही. त्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. पंचवीस वर्षांच्या जिप्सीची नळी हातात घेऊन मिस्त्री ती वाकवून बघतात. बारीक भेगा दिसल्या की काही न बोलता कापून टाकतात. दाबाखालची नळी चिरलेली असणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही.

पेट्रोलबद्दल आपण सगळेच जरा बेफिकीर असतो. रोज बघतो, वास ओळखीचा, म्हणून असेल. खरं तर पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या थंडीतही ठिणगीने पेटेल इतकी वाफ सोडत असतं. त्याचे सर्वांत हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 47 अंशांच्या पुढे जातो. भामरागडला झाडांची सावली आहे म्हणून थोडं सुसह्य, तरी मे महिन्यात त्या फळकुटावरच्या बाटल्या अक्षरशः उकळीच्या उंबरठ्यावर असतात. आणि ही वाफ हवेपेक्षा जड. ती धुरासारखी वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते, उतारावरून चालत जाते, दिसत नाही. नट एकदम खोलला तर तीन किलोच्या दाबाने जे बाहेर येतं ते थेंब नसतात, फवारा असतो. डोळ्यांत जातो, गरम सायलेन्सरवर जातो, आणि क्षणात भोवतीची सगळी हवा पेटण्याजोगी करतो.

म्हणून मिस्त्री हे काम इंजिन गरम असताना कधी करत नाहीत. गाडी आली की आधी उभी राहू देतात. चालकाला घाई असते, तो घड्याळ बघतो, बॉनेट उघडून हाताने वारा घालतो. "थंडी होऊ दे ना भाऊ," एवढंच उत्तर. गरम इंजिनाला पेट्रोल तोडून आचके देत बंद पाडलं तर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो, असं कंपनीचं पुस्तक सांगतं. पुस्तक न वाचताही थांबायचं त्यांना माहीत होतंच. पुस्तकातलं कारण नंतर कळलं.

ते पुस्तक मी पाहिलं आहे. कुणी तरी दिलेली, पानं सुटलेली, इंग्रजीतली झेरॉक्स. फुरसतीच्या दुपारी मी त्यातली पानं वाचून मराठीत सांगतो, मिस्त्री ऐकतात, मधेच "हे बराबर आहे" किंवा "हे इकडे नाही चालत" म्हणतात, आणि पोरगा ते आपल्या दोस्ताला माडियात सांगतो. एखाद्या वाक्याला तो थांबतो, हाताने दाखवतो, दोस्त मान हलवतो. जपानी इंजिनिअरांनी लिहिलेली एक सावधगिरी अशी तीन भाषा ओलांडून पर्लकोटा नदीच्या अलीकडे पोचते, याचा मला फार आनंद वाटतो. ज्ञान पोचवण्याच्या मोठमोठ्या योजना मी पाहिल्या आहेत. त्या दुपारी पत्र्याखाली जे पोचत होतं ते मला जास्त खरं वाटलं, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि हातांचा प्रश्न होता.

आणि काही गोष्टी त्या पुस्तकात असणंच शक्य नाही. मार्च-एप्रिलात मोह फुलतो. फुलं पहाटे गळतात, बायका आणि पोरं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुलं नीट दिसावीत, वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळतात. त्या दिवसांत रानात जागोजाग बारीक आगी सरपटत असतात. ज्वाळा दिसत नाही, फक्त काळी होत जाणारी कडा. गॅरेजमागच्या मोहाखालीही कुणी तरी पाला पेटवतंच. झाड कुणा एकाचं नसतं, पण कुणी वेचायचं हे गावात ठरलेलं असतं, आणि मिस्त्री त्यात पडत नाहीत. ते फक्त पेट्रोलची नळी खोलायच्या आधी गॅरेजला एक फेरी मारतात. मागे जाऊन बघतात, वारा कुठून येतो ते बघतात. धूर दिसला तर काम दुपारवर ढकलतात. हिवाळ्यात शेकोटीचं तसंच. तेंदूपत्त्याच्या हंगामात बिडीचं तसंच. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला ते हाकलत नाहीत. त्याला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या दगडावर नेऊन बसवतात, आणि पोराला सांगतात, बाबाले पाणी दे.

मिस्त्रींची मूळ तालीम डिझेलवरची. या रस्त्यावर आधी धावल्या त्या डिझेलच्या जीपा, काळी-पिवळी, ट्रॅक्स. डिझेल गाडीत नेमकी उलटी पंचाईत असते: नळीत हवा शिरली की गाडी बंद. मग नट सैल करायचा, हाताने पंप दाबत राहायचा, फेसाळ डिझेल वाहू द्यायचं, आणि बुडबुडे संपून अखंड धार आली की नट आवळायचा. तिथे सांडणं हा कामाचा भाग. डिझेल काडीने सहजी पेटत नाही, त्यामुळे हात निर्धास्त होतात. वर्षानुवर्षं असे निर्धास्त झालेले हात पेट्रोलच्या इंजेक्शनकडे वळवणं सोपं नसावं. नट दिसला की बोटं पान्याकडे जातात. मेंदूला समजलेली गोष्ट बोटांना समजायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात बोटांना कुणी तरी अडवावं लागतं. त्यांनी स्वतःला अडवण्यासाठीच ती रिले खिशात ठेवण्याची सवय लावून घेतली असावी, असं मला वाटतं. रिले खिशात नाही, तर पाना हातात नाही.

मला या सगळ्यात आवडते ती दाब उतरवण्याची तऱ्हा. नळी फोडून दाब मोकळा करता येतो, पण तो घाव घालून मिळालेला मोकळेपणा. इथे तसं नाही. इथे फक्त मागून येणारं थांबवायचं आणि जे आत उरलं आहे ते इंजिनाला त्याच्या नेहमीच्या कामात संपवू द्यायचं. ज्यासाठी ते पेट्रोल नळीत आलं होतं, त्याच वाटेने ते जातं. कुठे सांडत नाही, कुणाच्या अंगावर येत नाही. शेवटी उरलेल्या थेंबांसाठी फडकं आहेच.

पावसाळ्यात भामरागडला गेलेल्या माणसाला दाब दुसऱ्या रूपात भेटतो. तिथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात. इंद्रावती ओडिशातून, बस्तरमधून केवढं तरी पाणी घेऊन येते. ती भरून वाहू लागली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही. ते मागे हटतं, चढतं, आणि गावाच्या तोंडावरच्या पुलावरून वाहू लागतं. कधी कधी भामरागडात पावसाचा थेंब नसतो, आभाळ निळं असतं, आणि पूल पाण्याखाली. पाऊस शेकडो किलोमीटरवर पडलेला असतो. 2019 च्या सप्टेंबरात पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानांच्या फळ्या बुडाल्या. तशी वर्षं गावाने आणखीही पाहिली आहेत. लोक सामान उंचावर हलवतात आणि थांबतात. अलीकडे गाड्यांची रांग, पलीकडे भाजीची, औषधांची, टपालाची वाट बघणारी माणसं. पुलाच्या कठड्यावर पाण्याची खूण बघत कुणी तरी उभं असतं. मागून येणारं कमी होईल तेव्हाच हे उतरणार, हे इथल्या लहान पोरालाही कळतं.

या थांबण्याला बाहेरचे लोक मागासपणा म्हणतात तेव्हा मला राग येतो. पूल उंच हवाच, तो कधीच व्हायला हवा होता, आणि पुराच्या पाण्यापायी अडलेली एकेक बाळंतीण हा आपल्या सगळ्यांच्या माथी दोष आहे. पण पाण्याकडे बघून थांबायचं की नाही हे ठरवण्याची जी अक्कल इथल्या माणसांत आहे, ती मागास नाही. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घाईने वाहत्या पुलावर गाडी घालणारा कुणी असतो. बहुतेक वेळा त्याला पाण्याची खोली दिसते आणि जोर दिसत नाही. गुडघाभर पाणी काय करणार, असं त्याला वाटतं. बंद जिप्सीकडे बघून नळीला हात घालणाऱ्यालाही असंच वाटत असणार. गाडी तर बंद आहे.

फिल्टर बसल्यावरही काम लगेच संपत नाही. जोडाचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे; जुने एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाहीत. रिले खिशातून काढून जागेवर, बॅटरीची वायर जागेवर. मग चावी फक्त अर्धी फिरवायची, गाडी सुरू करायची नाही. मागे टाकीत पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. पुन्हा चावी बंद, पुन्हा अर्धी. नळीत दाब परत भरत जातो आणि मिस्त्री जमिनीवर आडवे होऊन जोडाभोवती बोट फिरवतात, बोट नाकाशी नेतात. कोरडं असेल तरच सेल्फ.

पोरगा हे सगळं आता पाठ म्हणून दाखवतो. मधल्या काळात त्याने एक ट्रॅक्टर स्वतः उघडून बसवला, आणि मोबाइलवर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघतो. परवा त्याने विचारलं, "सर, त्या गाडीत पेट्रोलच नाही, तर मंग थांबाचं काम नाही ना?" मी त्याला वाचलेलं सांगितलं, की तिथे नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्यांत शेकडो व्होल्ट असतात, आणि मुख्य जोड काढल्यावरही आत साठलेली वीज उतरायला काही मिनिटं लागतात, कंपन्या तेवढा वेळ हात न लावता थांबायला सांगतात. तो ऐकत राहिला. "किती मिनिट?" त्याने विचारलं. गाडीगाडीवर असतं, मी म्हटलं, पुस्तक बघावं लागेल. मिस्त्री फडकं धूत होते. ते म्हणाले, "पुस्तक मागवा मंग, सर. गाडी याच्या आधी आलं पायजे ते."